कुणालाच न टेकणारी शेड

चष्म्याच्या दुकानात माणसाच्या दोन बुबुळांमधलं अंतर मिलिमीटरपर्यंत मोजणारा इसम घर आणि कुंपणाची भिंत यांच्यामधलं अंतर मोजताना चुकेल, असं कुणाला वाटलं नसतं. त्याच्या सासऱ्यांना वाटलं होतं. पण जावयाने त्यांच्याकडे परवानगी मागितली होती, मत मागितलं नव्हतं, आणि न मागता काही देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पाणीपुरवठा खात्यात उभा जन्म काढलेला माणूस. लोकांना पाणी देण्यापेक्षा न देण्याचाच अनुभव त्यांच्या गाठीशी जास्त होता.

जावई या घरात राहायला आला तो तात्पुरता, स्वतःची जागा बघेपर्यंत. ती जागा अजून बघून व्हायची होती. मधल्या काळात त्याचे केस गेले, पोट आलं, आणि घरातल्या एकाही वस्तूला 'माझी' म्हणायची सोय काही झाली नाही. पलंग दिवंगत सासूबाईंच्या माहेरचा, कपाट सासऱ्यांच्या बढतीच्या वेळचं, आणि बायको तर सरळसरळ सासऱ्यांचीच मुलगी. बाहेरच्या दारावरची पाटी सासऱ्यांच्या नावाची होती. तिच्याखाली आणखी एक पाटी मावेल एवढी जागा होती. तिथे सासऱ्यांनी दुधाच्या पिशवीसाठी हूक बसवून घेतला होता.

मग त्याने गाडी घेतली. स्वतःच्या पगारातून, हप्त्यांवर, पण स्वतःची. सासऱ्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "हिचा रंग असाच असतो, की उन्हाने गेलाय?"

तिथून शेडचं डोक्यात शिरलं. घराच्या बाजूला, कुंपणाच्या भिंतीला लागून, एक चिंचोळी पट्टी रिकामी पडून होती. तिच्यावर घराच्या भिंतीला टेकवून एक उतरतं छप्पर घातलं की झाली शेड. खालची जमीन सासऱ्यांची खरी, पण छप्पर त्याचं, खांब त्याचे, गाडी त्याची. येणारा-जाणारा विचारेल, ही शेड कुणी केली? घरातून उत्तर येईल, आमच्या जावईबापूंनी. एवढं एक वाक्य त्याला या घरात ऐकायचं होतं. तो पन्नाशीला टेकला होता. मागणं फार मोठं नव्हतं.

आता कुंपणाच्या पलीकडे कोण, ते सांगायला हवं. पलीकडे सासऱ्यांचे सख्खे धाकटे भाऊ राहत. दातांचे डॉक्टर, दवाखाना मुलाकडे सोपवून आता घरी बसलेले. त्यांना सगळे काका म्हणत. मधली भिंत कुणाच्या जागेत आली यावरून दोघा भावांचं जे फाटलं ते फाटलंच. थोरल्याच्या मते भिंत त्याच्या जागेत होती, धाकट्याच्या मते स्वतःच्या. दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद होतं. पण बोलणं बंद असलं म्हणून बोलायचं थोडंच राहतं? थोरले कुंडीतल्या रोपाशी बोलत आणि धाकटे बागेच्या नळीशी. आवाज दोघांचाही भिंतीपलीकडे जाईल इतपत असे. रोपं मरत, नळ्या बदलत. संवाद चालू होता.

जावई कागदावर नकाशा काढून सासऱ्यांसमोर बसला.

"ही पट्टी घराच्या भिंतीत बोल्ट मारून बसवायची," तो म्हणाला. "म्हणजे या बाजूला खांबच नको. गाडीचं दार पूर्ण उघडेल."

"भिंतीत?" सासरे म्हणाले. "या भिंतीत?"

"चारच बोल्ट."

"पहिल्या वर्षी तुम्हाला कॅलेंडरसाठी खिळा मारायचा होता, तेव्हाही तुम्ही एकच म्हणाला होतात."

"तो मारला कुठे?"

"मारू दिला नाही म्हणून भिंत अजून उभी आहे."

तेव्हा घराच्या बाजूलाही खांब आले. खांब म्हणजे किती, तर चार बोटं रुंद, आणि भिंतीपासून आणखी चार बोटं लांब, कारण भिंतीला रंग देताना ब्रश फिरायला पाहिजे. जावयाने मनाशी म्हटलं, वीतभर जागा गेली, हरकत नाही.

दुसऱ्या बाजूला कुंपणाच्या भिंतीवरच आडवी पट्टी टेकवायचा बेत होता. त्यावर सासऱ्यांनी नकाशा हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, "त्याच्या भिंतीचा टेकू घ्यायचा? माझ्या दारात?"

"भिंत तुमची आहे ना, बाबा? तुम्हीच म्हणता."

"माझीच आहे. पण टेकू घेतला की तो म्हणणार, घेतलाच ना शेवटी माझा टेकू."

म्हणून त्या बाजूलाही खांब आले, आणि तेही भिंतीपासून सुटे. इतके सुटे, की मधून हात घालून दाखवता यावा, हे बघा, टेकलेलं नाही. आणखी वीतभर गेली. जगात टेकून उभ्या राहणाऱ्या ज्या काही शेडा असतील, त्यांत कुणालाच न टेकणारी अशी ही एकच निघाली असती.

मग उताराचा प्रश्न निघाला. कुणाही शहाण्या माणसाने छपराचा उतार घराकडून बाहेर काढला असता.

"म्हणजे पाणी त्याच्याकडे जाणार," सासरे म्हणाले.

"नाही, खाली पन्हळ लावू. पाणी आपल्याच आवारात."

"आणि पन्हळ भरून वाहिली की?"

"थोडंफार उडेल पलीकडे."

"माझ्या छपरावरचं पाणी," सासरे म्हणाले, "त्याच्या झाडांना. फुकट."

इथे जावयाने 'माझ्या छपरावरचं' हे शब्द ऐकले, पण उताराच्या नादात त्याने ते सोडून दिले. उतार उलटा करण्यात आला: कुंपणाकडे उंच, घराकडे सखल. वरच्या मजल्यावरच्या सासऱ्यांच्या खिडकीतून भावाचं अंगण दिसत राहिलं पाहिजे होतं – आकसाने नव्हे, आपलं लक्ष असावं म्हणून – तेव्हा उंच बाजूही फार उंच नेता येईना. छप्पर एकूण खालीच आलं. गाडी त्याखाली जेमतेम मावत होती. मावत होती ना? मग झालं.

ही सगळी कापाकापी इतक्या बेताबेताने झाली की जावयाला ती कधी एका जागी दिसलीच नाही. रोज वीतभर सोडायची आणि रात्री शांत झोपायचं, ही सवय त्याला या घरानेच लावली होती. गाडीची रुंदी, दोन्हीकडचे खांब, उघडणारं दार, या सगळ्यांची एकदा बेरीज करावी असं त्याच्या मनात येऊन गेलं. पण बेरीज केली असती तर शेड रद्द झाली असती, म्हणून त्याने ती केली नाही. दुकानात गिऱ्हाइकाला फ्रेम घट्ट होत असली की तो म्हणायचा, वापरून सैल होईल. तेच त्याने स्वतःला सांगितलं.

फॅब्रिकेटर आला. तो बोलायला गोड होता. जे सांगाल त्याला "होतंय की" म्हणायचा आणि तेवढंच करायचा. खांब कुठे रोवायचे, तर लांबीचे सारखे भाग पाडून. त्यातले मधले दोन नेमके कशासमोर येतात, हे त्याला कुणी विचारलं नाही, आणि गाडी त्याची नव्हती. ठिणग्या उडत राहिल्या. पलीकडून काका नळीला सांगत होते, "काही लोक छपराचा उतार स्वतःच्या घरात काढतात. पाऊस आला की घरबसल्या आंघोळ." इकडे सासरे रोपाला म्हणाले, "काही लोकांच्या पोटात दुखतं. दातांकडे बघण्यात जन्म गेला, पोटाचं कळत नाही." बायको स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. जावयाने विचारलं, "कशी वाटतेय?" ती म्हणाली, "होऊ दे पुरी."

पुरी झाली. रंग वाळला. संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, गृहप्रवेश ठरला. जावई इस्त्रीचा शर्ट घालून गाडीत बसला. बायको पुढे उभी राहून दोन्ही हातांनी या, या, या करत मागे मागे सरकत गेली. सासरे फाटकापाशी उभे होते. गाडी पूर्ण आत गेल्याशिवाय फाटक लागत नव्हतं, आणि फाटक उघडं ठेवणं त्यांना चालत नसे.

"अजून," ते म्हणाले. "अजून घ्या पुढे."

गाडी आत गेली. दोन्ही बाजूंचे आरसे त्याने आधीच मिटले होते. फाटक लागलं. सासरे म्हणाले, "बसली बुवा," आणि आत गेले. बायकोचा फोन वाजला म्हणून तीही आत गेली. जावयाने इंजिन बंद केलं. वर पत्रा, बाजूंना खांब. आपल्या छपराखाली आपल्या गाडीत तो क्षणभर डोळे मिटून बसला. त्याच्या आयुष्यातला तो बरा क्षण होता, आणि तेवढाच होता.

मग त्याने दार उघडलं. दार चार बोटं उघडलं आणि टक्क करून खांबाला लागलं.

तो पलीकडच्या सीटवर सरकला. तिकडचं दारही चार बोटं उघडलं. खांब समोरासमोर होते. फॅब्रिकेटरचं काम सारखं होतं. मागची दारं भिंतीपर्यंत वीतभर उघडत. तेवढ्यातून माणूस नाही, फार तर माणसाचं मत बाहेर गेलं असतं. सीटवरून सरपटत तो डिकीपर्यंत गेला, मागचं झाकण आतून ढकललं. ते तळहातभर वर गेलं आणि शेडच्या आडव्या पट्टीला जाऊन अडलं. इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला होता. तसाच सरपटत तो परत पुढे आला आणि स्टिअरिंगमागे बसला.

बाहेर पडायचा एकच मार्ग होता: गाडीसकट. कुणी बघत नाहीसं पाहून गाडी मागे घ्यायची, फाटकाला हलकेच टेकवून डिकी आडव्या पट्टीतून सोडवायची, मागून कसंबसं निसटायचं, फाटक उघडायचं, गाडी रस्त्यावर लावायची, आणि जेवताना सहज म्हणायचं, की नव्या पत्र्याखाली उकाडा फार होतो, तूर्त बाहेरच बरी. बेत वाईट नव्हता. त्याने किल्लीला हात घातला आणि आरशात पाहिलं.

सासरे वेताची खुर्ची घेऊन येत होते. गाडी आणि फाटक यांच्यामध्ये जी काय जागा उरली होती, तिथे त्यांनी ती मांडली, गाडीकडे पाठ करून, आणि छपराच्या सावलीत बसले. आता सासऱ्यांना चिरडल्याशिवाय गाडी मागे घेणं शक्य नव्हतं. जावयाने तोही विचार केला, पण पूर्ण केला नाही. त्याने सीट मागे पाडली आणि आडवा झाला. काच थोडी खाली होती, तेवढीच हवा.

कुंपणापलीकडे काहीतरी सरकवल्याचा आवाज झाला. स्टूल असावं. काकांचं डोकं भिंतीवर आलं. नळी नव्हती, कुंडीही नव्हती.

"बघितलंस?" सासरे म्हणाले.

जावई आडवा पडल्या पडल्या ताठ झाला. हे रोपाला म्हटलेलं नव्हतं.

"बघितलं, दादा," काका म्हणाले. "वरून बघत होतो पहिल्यापासून. खांब रोवले तेव्हाच कळलं."

"मला नकाशा पाहिला तेव्हाच कळलं."

"बोलला नाहीस?"

"मला कुणी विचारलं?"

काका हसले. मग सासरे हसले. दोघे एकाच पद्धतीने हसत, नाकातून, थांबून थांबून. हे जावयाला आजच कळत होतं, कारण दोघांना एकदम हसताना त्याने कधी ऐकलं नव्हतं.

"अक्कलदाढ अशीच असते," काका म्हणाले. "जागा नसते, तरी यायचं असतं तिला. येते, अर्ध्यात अडकते, आणि मग शेजारच्या चांगल्या दातांना त्रास."

"काढावी लागते?"

"दुखली तर. नाही दुखली तर राहू देतात. काही उपयोग नसतो तिचा, पण राहते बिचारी."

"आमची दुखत नाही," सासरे म्हणाले. "तेवढा एक गुण आहे. काहीही म्हण, दुखत नाही. ओरडत नाही. खिळा मारू का, विचारतो. नको म्हटलं की नाही मारत. अरे, खरं सांगू? तेव्हा त्याने न विचारता मारला असता ना खिळा, तर मी पाटी लावून दिली असती दारावर. वाट बघितली मी. पहिली दोन-तीन वर्षं तर रोज बघितली."

"मग?"

"मग दुधाचा हूक लावला."

आपल्याला या घरात काय मिळालं असतं आणि ते कशाने मिळालं असतं, हे त्याला आज, असं आडवं पडून, सीटच्या नव्या कापडाच्या वासात कळत होतं.

"पोरीला कल्पना होती?" काकांनी विचारलं.

"तिने टेप लावून बघितली होती. मला म्हणाली, बाबा, दार उघडायचं नाही. मी म्हटलं, सांग मग नवऱ्याला. तर म्हणाली, सांगितलं की माझं ऐकून करतील, आणि चुकलं की मला बोलतील. एकदा त्यांचं त्यांना करू दे."

"हुशार आहे."

"आपल्याकडची आहे," सासरे म्हणाले.

जावई उठून बसला. आता बसलेलं कुणाला दिसलं काय आणि न दिसलं काय. त्याने किल्ली फिरवली, इंजिन सुरू केलं आणि गाडी मागच्या गिअरमध्ये टाकली. मागचे पांढरे दिवे लागले. सासऱ्यांची पाठ, खुर्चीचं वेत, फाटकाच्या सळ्या, सगळं लख्ख उजळलं. गाडी पीप, पीप करू लागली; मागे अडथळा आहे हे तिला जावयापेक्षा स्पष्ट सांगता येत होतं.

सासऱ्यांनी वळूनही पाहिलं नाही.

"काय जावईबापू," ते म्हणाले, "घाई आहे का कुठे जायची?"

म्हणजे माहीत होतं. शब्द न् शब्द त्याला ऐकू जावा म्हणूनच बोलले होते. इतकी वर्षं कुंडीला आणि नळीला जसं सांगत, तसंच. फक्त या खेपेला कुंडीच्या जागी तो होता.

त्याचा पाय ब्रेकवर होता. तो उचलायला काही लागत नव्हतं. गाडी आपण होऊन मागे गेली असती, हळूच, खुर्चीच्या पायापर्यंत, आणि मग आणखी थोडी. काका वरून बघत होते, पेशंटने तोंड किती उघडलंय ते बघावं तसे. पीप, पीप चालू होतं.

"नाही," जावई काचेतून म्हणाला. "घाई कसली." त्याने गिअर काढला. इंजिन बंद केलं. दिवे गेले.

"नाही दुखत बघ," सासरे भावाला म्हणाले.

बायको चहाचा ट्रे घेऊन आली. तीन कप होते. एक तिने वडिलांना दिला, दुसरा भिंतीवरून काकांना. काकांनी कप वरच्या कडेला धरला, आणि ती म्हणाली, "सांभाळून, काका, गरम आहे." गेल्या कित्येक वर्षांत ती त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलत होती. काकांनी चष्मा काढून पुसला. तो जावयानेच करून दिलेला होता. काकांचा मुलगा परस्पर दुकानातून घेऊन गेला होता, नाव न सांगता.

मग उरलेला कप घेऊन ती आत गेली आणि गाडीच्या काचेसमोरच येणाऱ्या स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजांशी आली. जावयाने काच पूर्ण खाली केली. ती जवळून बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याला वाटलं, आपल्यासाठी आहे.

"ऐका ना," ती अगदी हळू म्हणाली, "तुम्हाला बाहेर यायचंय, कळतंय मला. पण तुम्ही निघालात की बाबांना खुर्ची उचलावी लागेल. ते उठले की काकाही जातील आत. परत बोलतील-न बोलतील." तिने कप आत दिला. "बसाल का थोडा वेळ? किती छान बोलतायत."

"किती वेळ?"

"होऊ दे त्यांचं. तुम्हाला काय, गादी आहे, टेकायला आहे."

त्याने कप घेतला. कप ठेवायला गाडीत गोल खाच केलेली होती. चहा तिच्यात नीट बसला.

"काच वर घ्या," बायको म्हणाली. "डास जातील आत." आणि त्याने काच वर घेतल्याचं पाहून ती परत गेली, वडिलांच्या खुर्चीशेजारी फरशीवर मांडी घालून बसली.

काचेतूनही ऐकू येत होतं, पण पाण्याखाली बोलल्यासारखं. भिंतीचा विषय निघाला होता. भिंत कुणाची हा नाही. इथून विटांचे चार थर काढले तर काकांना स्टुलावर चढावं लागणार नाही, हा. सासरे म्हणाले, काढू, उद्याच माणूस बोलावू. काका म्हणाले, त्यांची खुर्ची इथे राहील, आणि एक गोल टेबल आहे पडून. गाडीचं काय, असं बायकोने विचारलं. सासरे म्हणाले, गाडी काय, रस्त्यावर लावतील ते. रस्ता मोठा आहे.

काकांनी मान वर करून छपराकडे पाहिलं. नवा पत्रा, सरळ पट्ट्या, एकसारखे सांधे. मग त्यांनी हात लांब करून जवळच्या खांबावर दोनदा थाप मारली, आणि त्यांचं बोलणं जावयाला अगदी स्पष्ट ऐकू आलं.

"काही म्हण, दादा, शेड मात्र झकास केलीस."

सासऱ्यांनी चहाचा घोट घेतला. "मनावर घेतलं की होतं," ते म्हणाले.

"मी केली," जावई गाडीत म्हणाला.

काच वर होती.